हरलेल्या डावाचा पहिला नंबर

गोल्फमध्ये वर्षाला चार मोठ्या स्पर्धा असतात. त्यांना मेजर म्हणतात. प्रत्येक मेजर चार दिवस चालते, रोज अठरा होल, आणि शेवटच्या दिवसाच्या फेरीत सगळा निकाल लागतो. त्यामुळे आजवरची सगळ्यात भारी शेवटची फेरी कोणाची, ही गोल्फवाल्यांची आवडती चर्चा. कोणी 1973 च्या यूएस ओपनमधल्या जॉनी मिलरच्या 63 फटक्यांना पहिला नंबर देतं, तर कोणी 1986 च्या मास्टर्समध्ये 46 वर्षांच्या जॅक निकलॉसने काढलेल्या 65 ला. 1977 ची टर्नबेरीची ब्रिटिश ओपनही या याद्यांमध्ये असतेच. तिथे शेवटच्या दोन दिवसांत टॉम वॉटसनने 65 आणि 65 फटके घेतले, निकलॉसने 65 आणि 66. निकलॉस एका फटक्याने हरला, तरी त्या फेरीची गोष्ट त्याचं नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.

आपल्याकडे गोल्फ फार कोणी बघत नाही. आमच्या डोईफोडियात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, चर्चा होते ती क्रिकेटची. पण तोच खेळ आपल्याही एका माणसाच्या आयुष्यावर खेळता येईल असं मला वाटतं. तो माणूस म्हणजे विजय हजारे. त्यांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आजच्या मुलांना त्यांचं नाव माहीत असतं ते विजय हजारे करंडकामुळे. ट्रॉफीचं नाव तोंडात बसलंय, माणूस मात्र मागे राहिलाय. म्हणून त्यांच्या आयुष्यातले पाच मोठे शेवटचे डाव मी निवडलेत. शेवटचे म्हणजे कधी स्पर्धेच्या फायनलमधले, कधी सामन्याच्या अखेरच्या टप्प्यातले. त्यांना नंबर देत देत त्यांचं चरित्र सांगते.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 चा, सांगलीचा. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळेत शिक्षक आणि भावंडं आठ. अशा घरात क्रिकेटचा खर्च कोण करणार? पण तो काळ संस्थानिकांचा होता. राजेमहाराजे गुणी खेळाडूंना नोकरीला ठेवत आणि बाहेरून शिक्षकही आणत. त्यातूनच हजाऱ्यांना ऑस्ट्रेलियाचे नामांकित लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांची शिकवणी मिळाली. हजाऱ्यांची उभं राहायची ढब जरा वेगळी होती. ते दोन्ही पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहायचे. पुस्तकी शिक्षकाने पहिल्या दिवशीच ती सवय मोडली असती. ग्रिमेटनी ती तशीच राहू दिली, आणि पुढची वीसेक वर्षं गोलंदाज त्या उभं राहण्यासमोर घाम गाळत राहिले.

1939-40 च्या हंगामात पुण्याला महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद 316 धावा केल्या. भारतीय फलंदाजाचं प्रथम श्रेणीतलं ते पहिलं त्रिशतक. पुढे ज्यांना धुतलं त्याच बडोद्याचे ते झाले आणि शेवटपर्यंत बडोद्याचेच राहिले. मध्यमगती गोलंदाजीही ते करायचे, आणि ती नुसती हात मोकळे करण्यापुरती नव्हती. प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर 595 बळी आहेत.

आता पहिला डाव. त्याचा नंबर शेवटी सांगेन, आधी तो झाला कसा ते ऐका.

त्या काळी मुंबईत धर्मावर संघ पाडून सामने होत. आधी चौरंगी होते. 1937 पासून पंचरंगी झाले. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ होते, आणि पाचवा होता रेस्ट, म्हणजे बाकीचे. या चारांत जे बसत नव्हते ते सगळे त्यात. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा खेळाडूंची ती मोट होती. गांधीजींचा अशा सामन्यांना विरोध होता, आणि तो बरोबरच होता. खेळात धर्माच्या रांगा लावणं वाईटच. पण मैदानं तुडुंब भरायची, आणि त्या काळचं सगळ्यात गाजणारं क्रिकेट तेच होतं हेही खरं. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते बाकीच्यांत खेळायचे.

1943 साली या स्पर्धेत दोन विजयांची चढाओढ लागली. स्पर्धेतली सर्वोच्च धावसंख्या होती हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांची, 243. हजाऱ्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध 248 काढून ती मागे टाकली. मग ब्रेबॉर्न स्टेडियमवर फायनल आली, हिंदू विरुद्ध रेस्ट. मर्चंटनी नाबाद 250 करून विक्रम परत घेतला आणि हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव 133 वर आटोपला. त्यातल्या 59 हजाऱ्यांच्या. फॉलोऑन. अजून 448 धावांची पिछाडी होती, आणि दुसऱ्या डावातही पाच गडी शंभराच्या आत परतले.

त्यावेळी दुसऱ्या टोकाला आला त्यांचा धाकटा भाऊ, विवेक हजारे. दोघा भावांनी सहाव्या विकेटसाठी 300 धावा जोडल्या. त्या तीनशेत विवेकच्या किती असतील? त्याची पूर्ण खेळीच 21 ची. म्हणजे एक भाऊ तासन्‌तास नुसता उभा राहिला आणि दुसरा खेळत राहिला. विजय हजाऱ्यांच्या झाल्या 309. संघाच्या एकूण 387. बाकीचे दहा जण आणि अवांतर मिळून 78. शंभरातल्या जवळजवळ ऐंशी धावा एकट्या माणसाच्या. तरीही रेस्ट एक डाव आणि 61 धावांनी हरले. वर आणखी, त्याच हंगामात मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 काढून हजाऱ्यांचा 316 चा विक्रमही मोडला. मर्चंट आणि हजारे ही अशी जोडी होती. एकाने पायरी चढली की दुसरा दोन पायऱ्या वर.

दुसरा डाव चार वर्षांनंतरचा, मार्च 1947 मधला. रणजी करंडकाची फायनल, बडोद्याला, बडोदा विरुद्ध होळकर. होळकर म्हणजे आपला इंदूरचा संघ. आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांनी या संघाची आठवण जपायला हवी. सी. के. नायडूंसारखा कप्तान, मुश्ताक अली, सागरचे चंदू सरवटे अशी मंडळी त्यात होती. चार वेळा त्यांनी रणजी जिंकली आणि सहा वेळा फायनल हरले. त्या दिवशी होळकरांच्या पहिल्या डावात 202 झाल्या. बडोदा 3 बाद 91 असताना हजारे आणि गुल महंमद एकत्र आले, आणि मग होळकरांना विकेट म्हणजे काय ते विसरायला झालं. दोघांनी चौथ्या विकेटसाठी 577 धावा जोडल्या. गुल महंमद 319, हजारे 288. बडोद्याच्या झाल्या 784, आणि सामना एक डाव आणि 409 धावांनी खिशात. कुठल्याही विकेटसाठी जगातली ती सगळ्यात मोठी भागीदारी 2006 पर्यंत टिकली. तेव्हा श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी 624 ची भागीदारी केली. चौथ्या विकेटसाठी ती आजही पहिलीच आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशाचे दोन तुकडे झाले. गुल महंमद मूळचे लाहोरचे. पुढे ते पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले. ज्या दोघांनी मिळून एवढी मोठी भागीदारी रचली, त्यांच्यामध्ये सरहद्द आली. आकड्यांच्या हिशोबात हा डाव सगळ्यात मोठा. करंडकही मिळाला. तरी माझ्या यादीत याला चौथा नंबर, कारण समोरचा संघ 202 मध्ये गुंडाळलेला होता आणि डोक्यावर हरण्याची भीती नव्हती.

तिसरा डाव जानेवारी 1948 चा, ॲडलेडचा. स्वतंत्र भारताचा पहिला परदेश दौरा, समोर ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया. गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर. ऑस्ट्रेलियाने केल्या 674, त्यात ब्रॅडमनच्या 201. हजाऱ्यांनी पहिल्या डावात 116 काढल्या, दत्तू फडकरांनी 123, तरी 381 वर डाव संपून फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात लिंडवॉलने 38 धावांत 7 बळी घेतले. त्या वादळात हजाऱ्यांनी 145 काढल्या. संघाच्या 277. एकाच कसोटीत दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत हरला, एक डाव आणि 16 धावांनी. सामना 28 जानेवारीला संपला. दोन दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. देशाला क्रिकेटची आठवण राहावी असे ते दिवसच नव्हते. म्हणून असेल, या दोन शतकांची म्हणावी तशी लोककथा झाली नाही. माझ्या यादीत दुसरा नंबर.

चौथा डाव फेब्रुवारी 1949 चा, पुन्हा ब्रेबॉर्न. वेस्ट इंडिजविरुद्धची मालिकेतली पाचवी आणि शेवटची कसोटी. भारत मालिकेत 1-0 मागे. तोवर भारताने एकही कसोटी जिंकलेली नव्हती. जिंकायला 361 हव्या होत्या. चौथ्या डावात एवढ्या धावा काढायचा विचार कोणी सहसा करत नाही, पण हजाऱ्यांनी 122 काढून तो विचार करायला लावला. 8 बाद 355. सहा धावा हव्या होत्या, दोन विकेट हातात होत्या, फडकर खेळत होते, आणि पंचांनी खेळ संपल्याचं जाहीर केलं. षटकातला एक चेंडू टाकायचा राहिला होता आणि घड्याळात दीडेक मिनिट शिल्लक होतं. सामना अनिर्णित. भारताचा पहिला विजय आणखी तीन वर्षं लांबला. हा तिसरा नंबर. दुसरा का नाही? कारण इथे आशा होती. आशा असली की खेळणं थोडं सोपं जातं.

तो पहिला विजय आला फेब्रुवारी 1952 मध्ये, मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, एक डाव आणि 8 धावांनी. भारताची ती पंचविसावी कसोटी. कप्तान विजय हजारे. विनू मंकडनी सामन्यात 12 बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं केली. गुजराती मंकड, बंगाली रॉय, पारशी उम्रीगर, हैदराबादचे गुलाम अहमद, आणि कप्तान सांगलीचा मराठी ख्रिस्ती. नऊ वर्षांपूर्वीच्या पंचरंगीत हे सगळे वेगवेगळ्या तंबूंत बसले असते. इथे एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते. पंचरंगी सामने 1946 नंतर बंदच झाले होते. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर हवं तरी काय?

कप्तानी मात्र हजाऱ्यांना फारशी मानवली नाही. स्वभाव अबोल, लोकांवर आवाज चढवणं जमायचं नाही. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्सला दुसऱ्या डावात धावफलकावर शून्यावर चार बाद लागलं. ट्रूमनचं ते पदार्पण. मग हजारे आले आणि 56 काढून गेले. कोसळलेल्या डावात एकट्याने उभं राहायचं काम त्यांच्या नशिबी पुन्हा पुन्हा येत गेलं. 1953 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. 30 कसोटींत 2192 धावा, सरासरी 47.65, शतकं 7. दुसऱ्या महायुद्धाने ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. पहिली कसोटी खेळले तेव्हाच वय 31 होतं.

पाचवा डाव 1958 चा. बडोदा विरुद्ध सेनादल, रणजी फायनल, मैदान घरचं. हजारे त्रेचाळीसच्या घरात. त्यांनी 203 काढल्या आणि बडोदा डावाने जिंकलं. बडोद्याने 1942-43, 1946-47, 1949-50 आणि 1957-58 असे चार करंडक त्यांच्या काळात जिंकले. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचं हे द्विशतक गोड आहे. निकलॉसच्या 1986 सारखं. यादीत पाचवा नंबर.

राहिला पहिला नंबर. तो माझ्या मते 1943 च्या 309 ला.

यावर आक्षेप येणार हे मला माहीत आहे. पहिला आक्षेप, सामना हरला. दुसरा, मर्चंटचा विक्रम मोडायचा होता म्हणून खेळले असतील. तिसरा, स्पर्धाच चुकीच्या पायावर उभी होती. तिसरा आक्षेप मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल एवढंच म्हणेन की विक्रम 251 लाच मोडला होता. त्यानंतरच्या 58 धावा कशासाठी होत्या? आणि पहिल्या आक्षेपातच खरं उत्तर आहे. जिंकायची शक्यता असताना चांगलं खेळणं हे कौशल्य. पण 448 धावांची पिछाडी, पाच बाद, निकाल भिंतीवर लिहिलेला, आणि तरीही प्रत्येक चेंडू पहिल्या चेंडूसारखाच खेळायचा, याला कौशल्यापेक्षा वेगळं काहीतरी लागतं. 1945 च्या रणजी फायनलमध्ये आपल्या होळकरांना मुंबईविरुद्ध 867 धावा करायच्या होत्या. तेव्हा महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन नाबाद 249 काढून उभा राहिला आणि संघ 374 धावांनी हरला. ती खेळीही त्याच जातीची. पण कॉम्प्टनच्या संघाच्या बाकीच्यांनीही जवळजवळ तेवढ्याच धावा केल्या होत्या. हजाऱ्यांच्या बाजूला होता एकटा विवेक.

आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो विवेकच. 300 धावांच्या भागीदारीत 21 ची खेळी. अशा धावांना कोणी बक्षीस देत नाही. पण तो बाद झाला असता तर 309 झाल्याच नसत्या. आठ भावंडांच्या मास्तरांच्या घरात असंच चालत असणार. एकाने पुढे जायचं आणि दुसऱ्याने टोक सांभाळायचं.

बाकीचे या शब्दाशी माझी जरा ओळख आहे. राज्य हिंदी बोलणारं, घरात मराठी, रविवारी मिस्सा. ऑनलाइन फॉर्म भरताना कधी भाषेच्या रकान्यात तर कधी दुसऱ्या रकान्यात माझं बोट यादीच्या तळाशी, इतर या शब्दावर जातं. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही, पण त्या शब्दाला चेहरा नसतो. ब्रेबॉर्नवर त्या दिवशी त्याला चेहरा मिळाला. उरलेल्यांच्या संघातला एक माणूस, हरणार हे ठाऊक असून, पूर्ण शहरासमोर उभा राहिला, आणि आज त्या फायनलची गोष्ट निघाली की आधी हरणाऱ्याचेच 309 आठवतात. जिंकणाऱ्यांची धावसंख्या कागद बघून सांगावी लागते.

1960 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जसू पटेल आणि ते, हा मान मिळवणारे पहिले क्रिकेटपटू. 18 डिसेंबर 2004 ला, वयाच्या 89 व्या वर्षी, बडोद्यात ते गेले. 577 चा विक्रम तेव्हाही अबाधित होता. प्रथम श्रेणीत एकूण 18,740 धावा आणि 60 शतकं मागे ठेवून गेले.

तुमची यादी वेगळी असेल. 577 ला पहिला नंबर देणारे बरेच निघतील, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. वाङ्मय मंडळाच्या पुढच्या बैठकीत भांडू. मी 309 सोडणार नाही.